कागलच्या मळ्यातून देहूला

आनंद यादवांचे नाव निघाले की हल्ली गप्पा थेट महाबळेश्वरला जातात. २००९च्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष, ‘संतसूर्य तुकाराम’ या त्यांच्या कादंबरीवरून वारकऱ्यांचा संताप, लेखकाची माफी, पुस्तक मागे घेणे, राजीनामा आणि शेवटी अध्यक्षाविना उरकलेले संमेलन. पुढे प्रकरण कोर्टातही गेले. या सगळ्या गदारोळात कादंबरी म्हणून ते पुस्तक कसे उतरले आहे, हे बघायला फारसे कुणी थांबले नाही.

ते बघायचे तर आधी यादवांच्या गावी, कागलला जावे लागते. ‘गोतावळा’ (१९७१) आजही हातात घेतली की खाली ठेवता येत नाही. गावापासून लांब मळ्यावर राबणारा नारबा नावाचा गडी सगळी गोष्ट आपल्याच बोलीत सांगतो. जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि दावणी रिकाम्या होऊ लागतात. यांत्रिकीकरणावर एक वाक्य न झाडता यादव शेतीतला एवढा मोठा बदल एका गड्याच्या जिवावर बेततो तसा दाखवतात. ग्रामीण साहित्यावर त्यांनी पुढे बरेच सिद्धांतन केले, पण त्या साऱ्या लेखांपेक्षा नारबा जास्त सांगून जातो.

‘झोंबी’ (१९८७) हे आत्मचरित्र तर अंगावरचेच. शाळेला आडवा येणारा बाप, त्याला वळवण्यासाठी दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाणारी आई आणि मुलगा, सौंदलगेकर मास्तरांनी लावलेला कवितेचा नाद. कागद-पेन्सिल जवळ नसली की हा पोरगा काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातला एक भाग ‘जूझ’ नावाने हिंदीच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकातही गेला. नंतरच्या ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’मध्ये मात्र मळा मागे पडत जातो, प्राध्यापक पुढे येतो आणि गद्यातली ओल कमी होते. ‘झोंबी’च्या आधीच्या ‘नटरंग’ कादंबरीत ती ओल होती: पैलवानी अंगाचा गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो, तेव्हा यादव देहाविषयीच लिहीत असतात. राबणारे, भुकेले, लाजणारे शरीर हा त्यांचा खरा विषय.

हाच लेखक चरित्रात्मक कादंबरीकडे, तुकोबांच्या देहूकडे वळला. मराठीत या प्रकाराची घडी ‘स्वामी’ने १९६२ साली बसवली आणि ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ने ती पक्की केली. तिथे नायक आधीच मखरात असतो, लेखकाने फक्त आरास करायची. वाचकालाही ही पुस्तके इतिहास म्हणूनच वाचायची सवय लागली. (लग्नात आहेर म्हणून ती दिली जातात, यातच काय ते आले.) यादवांना आरास करायची नव्हती, चमत्कारांमागचा माणूस दाखवायचा होता. हेतू चांगलाच, पण साधने तोकडी. तुकोबांच्या तारुण्याविषयी खात्रीची माहिती अगदी थोडी आहे, आणि महिपतीने लिहिलेली संतचरित्रे तर तुकोबांनंतर शंभरेक वर्षांनीची. उरलेली पोकळी यादवांनी आपल्या ओळखीच्या, देहाच्या अनुभवांनी भरली. वाद पेटला तो नेमका याच वर्णनांवरून.

माझ्या मते इथे बिघडले ते औचित्य नव्हे, कला. गुणाचे शरीर यादवांनी पाहिलेले होते, तुकोबांचे त्यांनी तर्काने रचले. म्हणून ते कुणाही तरुणाचे वाटते, अभंग लिहिणाऱ्या माणसाचे वाटत नाही. खरे तर दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्नावाचून गेलेली पहिली बायको ही सामग्री यादवांच्या हातची होती. भूक मराठीत इतक्या जवळून लिहिणारे थोडेच. तारुण्याऐवजी त्यांनी सगळा भार त्या दुष्काळावर टाकायला हवा होता. सदानंद मोऱ्यांनी ‘तुकाराम दर्शन’मध्ये कादंबरीची मुभा न घेता तुकोबांभोवतीचा समाज उभा केला. तो वाचताना यादवांच्या पुस्तकात काय हुकले, ते जास्तच जाणवते.

हे मत खोडून काढायला मूळ पुस्तक वाचायला हवे. ते मागे घेतले गेले, म्हणून यादवांचे विरोधक आणि चाहते बहुतेक ऐकीव माहितीवरच भांडत राहिले.