ऐच्छिक विषय, पण इच्छा कुणाची?



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस वैद्यकीय अभ्यासक्रमात कशाला नाक खुपसतोय? कारण साधं आहे. अभ्यासक्रमाची नियमावली हाही एक ग्रंथच असतो. माणूस म्हणजे काय, शहाणपण म्हणजे काय, याबद्दल त्याची काही मतं असतात. ती उघड लिहिलेली नसतात, इतकंच. आणि ग्रंथ म्हटला की समीक्षा आलीच. ती करताना मी दोनच शब्द धरून ठेवणार आहे: अनिवार्य आणि ऐच्छिक.

पहिल्या दारापासून सुरुवात करू. एमबीबीएसला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. मग नीट. ती ७२० गुणांची, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनाला निम्मे निम्मे. म्हणजे सोळाव्या वर्षी, अकरावीचा फॉर्म भरताना, आयुष्याची दिशा ठरते. ती मुलगा ठरवतो, की घर ठरवतं, की क्लासवाले, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे मन बदललं तर? ज्याने नियमित विषयांत जीवशास्त्र घेतलं नव्हतं, त्याने नंतर ते जादा विषय म्हणून दिलं तरी पूर्वी दार उघडत नसे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलं. चांगलं केलं. पण उशिरा निवड करणं हा इतकी वर्षं जणू दोषच मानला जात होता, हे लक्षात ठेवा.

आता कुणी म्हणेल, प्रोफेसर, तुम्हाला काय शरीररचनाशास्त्र ऐच्छिक करायचंय का? अजिबात नाही! ज्याने शरीररचना 'ऑप्शनला टाकली' त्याच्या हाती मी माझा गुडघासुद्धा देणार नाही. रुग्णाला डॉक्टरची परीक्षा घेता येत नाही, म्हणून समाज ती आधी घेऊन ठेवतो. अनिवार्य या शब्दामागे रुग्णाचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपण ऐच्छिक म्हणतो, ते खरोखर ऐच्छिक आहे का?

२०१९ साली एमबीबीएसला नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. आधीची नियमावली १९९७ची, म्हणजे बावीस वर्षांनी बदल झाला. या अभ्यासक्रमात पहिल्यांदा 'इलेक्टिव्ह' आले. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाची परीक्षा झाली की दोन महिने, महिन्याचा एक असे दोन गट. पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मी बोलतोय ते त्या मूळ मसुद्याबद्दल. कल्पना सुंदर आहे. पण नियम वाचा. कोणते इलेक्टिव्ह ठेवायचे, किती ठेवायचे, कुणाच्या हाताखाली, प्रत्येकात किती विद्यार्थी, हे सगळं संस्थेने आधी ठरवायचं. पहिला गट प्रयोगशाळेत किंवा चालू संशोधनात, दुसरा रुग्णालयाच्या विभागात किंवा एखाद्या वस्तीतल्या, गावातल्या दवाखान्यात. ७५ टक्के हजेरी आणि लॉगबुक नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही.

आमच्या शास्त्रात निवड म्हणण्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, समोर खरे पर्याय हवेत. दोन, 'हेच का?' याचं कारण निवडणाऱ्याकडे हवं. तीन, परिणाम त्याने आपला मानायला हवा. इथे पर्याय दुसऱ्याने आखलेले. कारण कुणी विचारत नाही. आणि परिणाम म्हणजे काय, तर हजेरी! वाढप्याने वाढलेल्या ताटातून आधी भात खायचा की पोळी, एवढंच स्वातंत्र्य. यजमान ते प्रेमाने देतो, हे मान्य. पण त्याला निवड म्हणू नये.

आता उलट बाजू बघा. त्याच अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा एक भाग आला, मुलं त्याला 'एटकॉम' म्हणतात. त्याची २७ प्रकरणं आहेत. 'डॉक्टर असणं म्हणजे काय', 'रुग्ण असणं म्हणजे काय', 'मृतदेह हा आपला पहिला गुरू', अशी. मी वाचली आणि मनापासून आवडली. अठराव्या वर्षी हे प्रश्न विचारावेत असं कुणाला तरी वाटलं, ही छोटी गोष्ट नाही. पण मग नियम आला: चिकित्साशाखांच्या प्रत्येक पेपरात यावर किमान एक प्रश्न. झालं! प्रश्न आला की गाईड येतं, गाईड आलं की 'सहानुभूतीचे पाच मुद्दे' येतात. परीक्षेत नसेल तर मुलं वाचत नाहीत, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे, तो खोटाही नाही. पण ॲरिस्टॉटलने, तो स्वतः वैद्याचा मुलगा, फार पूर्वी सांगितलंय की नीतीबद्दल नुसतं बोलणारे लोक त्या रुग्णासारखे असतात, जो वैद्याचं सगळं लक्ष देऊन ऐकतो आणि औषध मात्र घेत नाही.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात तर गंमत आहे. बीएस्सी नर्सिंगच्या नव्या, सेमिस्टर पद्धतीच्या आराखड्यात व्यावसायिक नीतिमूल्यं अनिवार्य आहेत. पण ऐच्छिकांच्या यादीत 'मानवी मूल्ये' हा विषय मधुमेह-शुश्रूषा आणि सॉफ्ट स्किल्स यांच्या शेजारी बसलाय. म्हणजे ज्या मुलीने मधुमेह निवडला तिची मानवी मूल्यं राहिली की काय? हसू नका. चूक यादी करणाऱ्याची नाही. मूल्य ही विषयासारखी घ्यायची वस्तू आहे, असं आपण सगळ्यांनीच मानलंय.

आपल्याकडे याचा वेगळा विचार झालेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्य होऊ पाहणाऱ्याला सांगितलंय की आधी काम किती जड आहे, त्याचं फळ काय, देश-काळ कोणता, हे बघ. मग शास्त्राची परीक्षा कर, कारण वैद्यांची नाना शास्त्रं लोकांत चालू आहेत. मग आचार्याची परीक्षा कर. त्यानंतर आचार्याने शिष्याची परीक्षा करायची. क्रम लक्षात घ्या! त्या काळी हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं, त्यामुळे मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण पारखणं हे वैद्याचं पहिलं काम आहे, आणि ते शिकायच्या आधीच सुरू होतं, ही समज त्यात आहे.

यात पणाला काय लागलंय? रुग्ण. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीवर एक निकाल दिला. एका स्त्रीने दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. रुग्णाला उपचाराचं स्वरूप, धोके आणि उपलब्ध पर्याय सांगितले पाहिजेत. पर्याय! ज्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या सगळ्या वर्षांत कुणी खरा पर्याय दिला नाही, 'का?' विचारलं नाही, तो पुढे रुग्णासमोर पर्याय कसे मांडेल? तो संमतीचा कागद पुढे सरकवेल आणि म्हणेल, 'इथे सही करा.' तो दुष्ट नसतो. त्याला संमती म्हणजे लॉगबुक, एवढंच शिकवलेलं असतं.

मग करायचं काय? माझ्या तीन छोट्या सूचना आहेत. एक, इलेक्टिव्ह विद्यार्थ्याला स्वतः सुचवू द्या आणि कारणाचं एक पान लिहून घ्या. दोन, शेजारच्या कला महाविद्यालयाचं दार उघडा. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. कारभाराची सोय झाली, पण एकाच शहरात भावी डॉक्टर आणि इतिहास शिकणारा यांची विद्यापीठं वेगळी झाली. त्या भिंतीला एक खिडकी तरी पाडू या. तीन, नीतीचा प्रश्न पेपरातून काढा आणि तोंडी परीक्षेत आणा. विद्यार्थ्याने पाहिलेल्या एका रुग्णाचा निर्णय घ्या आणि विचारा, तुम्ही काय केलं असतं, आणि का?

त्या 'का'ला गाईडमध्ये उत्तर नसतं. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.