वाजविणे आणि वाजवावे लागणे

शास्त्रीय संगीताची मैफल ही आपली जागा नव्हे, असे मी वर्गात अनेकदा म्हटले आहे. अभिजात म्हणजे कुणाची अभिरुची, हा प्रश्न आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. तरीही गेल्या महिन्यात मी जिल्ह्याच्या नाट्यगृहात व्हायोलिनवादन ऐकायला गेलो. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, तिथं तुम्ही कशाला?" त्याला उत्तर म्हणून हे लिहितो आहे. कलावंताचे नाव देत नाही. मुद्दा त्यांच्याविषयी नाही.

निवेदकाने साधना, तपश्चर्या, गुरुकृपा हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की मी उठण्याच्या बेतात होतो. मग बागेश्री सुरू झाला. वादक मांडी घालून बसले होते; व्हायोलिनचे एक टोक उजव्या पावलाच्या घोट्याशी, दुसरे छातीशी. या वाद्याला पडदे नाहीत. बोट एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाते आणि मधली सगळी वाट ऐकू येते. मध्यमावरून कोमल गंधारावर उतरताना त्यांनी गज असा सावकाश ओढला की एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे कळेना. द्रुतात मात्र तबल्याशी सवालजवाब लांबला. टाळ्या भरपूर पडल्या, बागेश्री हरवला.

वादन गायकी अंगाचे होते. ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या एन. राजम यांनी हे अंग व्हायोलिनवर फार उंचीला नेले. गळ्यातले सारे तारेवर यावे, हा त्यामागचा आग्रह. माझ्या शेजारचे गृहस्थ बंदिशीचे शब्द पुटपुटत होते. त्यांना वाद्यातून शब्द ऐकू येत होते, मला येत नव्हते. ज्याच्या घरात ते शब्द आधीच होते, त्याला ते तारेवरून परत मिळतात. रसिकता जन्मजात असते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मला आठवली ती मी कधीच न ऐकलेली आज्याची सनई. गावातल्या लग्नात, पाटलाच्या दारात, देवळाच्या पायरीखाली उभे राहून आजा वाजवीत असे. न वाजवून चालतच नसे. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्याने सनई आढ्याला खोचली ती खोचलीच. बाप सांगतो, घरात एकटा असतानाही त्याने ती काढली नाही. आम्ही याला निर्धार म्हणत आलो, आणि तो निर्धार होताच. पण ती मींड ऐकताना मला प्रथमच वाटले, की गुलामी टाकताना या माणसाला एक सूरही टाकावा लागला. त्याचा हिशेब मी तरी कधी मांडला नव्हता.

व्हायोलिन युरोपातले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणले. तेव्हा त्याला मेंढीच्या आतड्याची तात असे, गजाला घोड्याचे केस. परके वाद्य पाहता पाहता मांडीवर घेतले गेले. आतड्याचा विटाळ झाला नाही. मेलेले जनावर ओढणाऱ्याचा मात्र होत राहिला.

आणि बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. आपण त्याच्यापुढे हात जोडतो आणि पुढे सरकतो. आपल्या पुतळ्यांच्या हाती ग्रंथ असतो, गज नसतो. ते किती चांगले वाजवीत हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या मनात काय होते याचा दावा मी करणार नाही. माझ्यापुरते एवढेच दिसते, की सनई आज्याच्या वाट्याला आली होती. व्हायोलिन बाबासाहेबांनी स्वतः उचलले. कुणाच्या दारात ते वाजवायचे नव्हते, त्याबद्दल बलुते मिळायचे नव्हते. दिवसभराच्या कामानंतर, आपल्या खोलीत, आपल्यासाठी. ब्राह्मणी म्हणून हे सारे एका झटक्यात नाकारताना आपण ही खोलीही नाकारतो आहोत काय, हे एकदा तपासले पाहिजे.

तेव्हा बाळा, पुढच्या वेळी तूही चल. तिकीट १५० रुपये आहे. पहिल्या चार रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात. त्या राखीवपणावर कुणाचा आक्षेप नसतो. आपण पाचवीत बसू.