मक्याचं जहाज कुणी लिहिलं?

मराठीचा कुठलाही प्राध्यापक उठतो आणि 'स्मृतिचित्रे'ची तारीफ करतो. करावीच. लक्ष्मीबाई टिळकांचं १९३४ पासून भागाभागांनी छापून आलेलं हे आत्मचरित्र खणखणीत नाणं आहे. शाळेत न गेलेली बाई, आणि भाषा अशी की पदवीधरांनी पाण्यात तोंड बघावं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा कॉलेजात, नेमलेलं होतं म्हणून. दुसऱ्यांदा हसण्यासाठी. तिसऱ्यांदा वाचलं ते आपली माणसं शोधायला. ह्या तिसऱ्या वाचनाबद्दल प्राध्यापक बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

पुस्तक घडतं कुठं? बराचसा भाग नगरात, राहुरीत. तिथल्या मिशनच्या आवारात. आणि त्या आवारातली मंडळी कोण? नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा गावोगाव बोंब झाली, कारण बामण बाटला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतली घरंच्या घरं ख्रिस्ती होत होती. त्यांची बोंब झाली नाही. महार बाटला काय नि न बाटला काय, गावाला तो विटाळच. तर मंडळी आमची, मंडळीचं पुस्तक मात्र टिळकांच्या घरातलं.

लक्ष्मीबाईंवर मी दोष ठेवत नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही बाई सोवळं सांभाळून राहिली, आणि मग एक दिवस स्वतःच्या डोक्यानं विचार करून जात टाकून दिली. हे तिनं लपवलं नाही, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या कितीजणांना हे जमलं? दुष्काळातली अनाथ पोरं तिनं घरात वाढवली. सगळं खरं. पण बघा, महार-मांग ह्या पुस्तकात बहुतेक वेळा प्रसंग म्हणून येतो. त्याच्या हातचं पाणी प्यायलं की लेखिका बदलते. तो स्वतः काय झाला, त्याला काय वाटलं, हे त्या पानांत नाही. पाणी देणाऱ्याचं आत्मचरित्र कुणी लिहिलंच नाही.

आता ह्या आवारामागचा पैसा बघू. अमेरिकन बोर्ड ही बोस्टनची संस्था १८१० साली निघाली. १८१३ साली तिची माणसं मुंबईला उतरली, १८३१ साली नगरला ठाणं झालं, १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' निघालं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं ह्याचा खर्च तिकडच्या गावोगावच्या चर्चमधल्या थाळीतून यायचा. शेतकरी, मास्तरणी, म्हाताऱ्या बाया नाणं टाकायच्या. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकानं वर्गणी जमवली आणि 'क्विटो' नावाचं जहाज सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आलं. समुद्रापलीकडून अनोळखी माणसानं धाडलेला दाणा. गावातल्या पाटलाची बळदं मात्र बंद होती. हे विसरणारा कृतघ्न म्हणावा लागेल.

पण मदतीला एक वाङ्मय असतं. ते आपल्या टीकाकारांनी कधी वाङ्मय म्हणून तपासलं नाही. मिशनचे वार्षिक अहवाल, घरी लिहिलेली पत्रं, साप्ताहिकांतली छायाचित्रं. ह्या वाङ्मयाचा वाचक तिकडं, देणारा. त्याचा हात खिशात जावा म्हणून ते लिहिलेलं. म्हणून त्यातला आपला माणूस कायम उपाशी, कायम बरगड्या दिसणारा, आणि शेवटच्या परिच्छेदात कायम आभारी. भांडणारा महार त्यात बसत नाही. भांडणाऱ्याला वर्गणी कोण देणार?

आणि त्याच मिशनच्या 'ज्ञानोदया'त १८५५ साली एक वेगळा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. तिनं हात पसरला नाही. तिनं हिशेब मागितला : आम्हाला वेद वाचायला बंदी, तर आमचा धर्म कोणता ते सांगा. बक्षीस म्हणून खाऊ पुढं केला तर ह्या पोरीनं खाऊ नको, ग्रंथालय द्या म्हटलं, अशी आठवण सांगितली जाते. दोस्तहो, दलित समीक्षेचं पहिलं वाक्य मी हेच धरतो. मिशनचा मोठेपणा इतका की त्यांनी ते छापलं. मिशनचा तोकडेपणा इतका की पुढच्या अहवालांत असल्या मुक्ता फारशा दिसल्या नाहीत.

बाबासाहेबांनी ह्या प्रश्नावर जे लिहिलं ते १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आलं. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी वाचलंय? ते मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं ऋण मान्य करतात. मग विचारतात : हा पैसा कुणावर गेला? मोठमोठी कॉलेजं काढली त्यात शिकून कोण निघालं? उच्चवर्णीय. चर्चमध्ये जात राहिली का? राहिली. आणि सगळ्यात बोचरा प्रश्न म्हणजे बाटलेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उठत का नाही? त्यांचं उत्तर असं की, प्रवचनात त्याला सांगितलं जातं की माणूस पडला तो स्वतःच्या पापानं. मग तो व्यवस्थेशी कशाला भांडेल? हे वाचल्यावर अहवालातला तो आभारी महार मला नीट कळला.

माझीच गोष्ट सांगतो. १९७२ चा दुष्काळ. माझी आई खडी फोडायला जायची आणि मी मिशनच्या आवारात दूध पावडरीच्या रांगेत उभा राहायचो. गोड्या तेलाच्या डब्यावर हातात हात घातलेलं चित्र असायचं. आई म्हणायची, "बघ रं, कुणीतरी हात तरी धरला." वाटणारा मास्तर आमच्याच भावकीतला, ख्रिस्ती झालेला. एकदा एक गोरा पाव्हणा फोटो काढायला आला. मास्तर म्हणाला, "पोराहो, सदरे काढा." आम्ही काढले. आई घरी आल्यावर मी सांगितलं. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला रांगेत धाडलं नाही. दूध बंद झालं. उपाशी राहिलो, हेही खरं. आईचं बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही.

पण त्याच खडीवरच्या माणसांनी मोर्चे काढले, काम मागितलं, आणि महाराष्ट्राला रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करावा लागला. १९७९ पासून तो अंमलात आला. दूध पावडर देणाऱ्याच्या मनावर होती. काम मागणं कायद्यात आलं. त्या कायद्यातही भ्रष्टाचार झाला, मजुरी बुडाली. पण बुडाली तर तहसीलदाराला घेराव घालता यायचा. बोस्टनच्या म्हातारीला घेराव कसा घालणार?

इथं एक सावधगिरी. धर्मांतर म्हणजे आमिष, असं ओरडणारी एक टोळी आहे. हा लेख तिच्या हाती लागला तर ती खूश होईल. तिला आधीच सांगतो, ज्यांनी हजारो वर्षं पाणवठ्याला शिवू दिलं नाही त्यांनी मक्याचा हिशेब विचारू नये. भुकेल्यानं भाकर घेतली ह्यात लाज भुकेल्याची नाही. आणि आमचा बाप पोटासाठी बाटला म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की तो माणूस म्हणून कुणीतरी नाव विचारलं म्हणूनही गेला.

आणि गेल्यावर काय मिळालं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून बाहेर काढलं. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली आपल्याला. ती ३४ वर्षं आपण भोगलीत. ख्रिस्ती आणि मुसलमान दलिताला मात्र त्या आदेशात जागा मिळाली नाही. सूसाई नावाचा मद्रासचा चांभार सुप्रीम कोर्टात गेला. रस्त्यावर चपला शिवणाऱ्यांना सरकारनं खोपटं दिली, ह्याला नाही, कारण हा ख्रिस्ती. १९८५ साली कोर्टानं अर्ज फेटाळला. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ साली सरकारनं आणखी एक आयोग नेमला. मक्याला जहाज मिळालं, हक्काला आयोग.

१९८१ पासून अरविंद निर्मल आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी चर्चमध्येच हा प्रश्न विचारला, दलिताच्या वेदनेतून देवाची भाषा मांडायला घेतली. त्यांच्याशी आपलं बोलणं किती? आपल्याच वाड्यातल्या ख्रिस्ती भावकीला आपण 'मिशनवाले' म्हणून बाजूला सारतो. ही चूक आपली.

आता स्वतःकडं बघा. आज आपली पोरं संस्थांमध्ये आहेत, प्रकल्प लिहितात, परदेशी निधी आणतात. अहवालही लिहितात. वाईट नाही. पण त्या अहवालात आपला माणूस कसा उभा करता? सदरा काढून? वस्तीतली बाई भांडते ते लिहिता, की फक्त रडते ते? परवा एका दोस्ताचा अहवाल वाचला. भाषा नवी, बरगड्या त्याच.

माझं मागणं एवढंच आहे. नगर, राहुरी, जालना, मिरज, जिथं जिथं मिशनच्या आवारात आपली म्हातारी माणसं अजून आहेत तिथं वही घेऊन जा. दूध कसं लागलं, शाळेत काय शिकलो, मिशनरी बाईनं जखम कशी धुतली, चर्चमध्ये पहिल्या बाकावर कोण बसायचं, सगळं त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत लिहून घ्या. आभार असतील तर आभार, शिव्या असतील तर शिव्या. छाटू नका. 'स्मृतिचित्रे'शेजारी ठेवायला ती पुस्तकं हवीत. देणाऱ्याची बाजू छापून झाली. घेणाऱ्याची अजून कोरी आहे, आणि म्हातारी माणसं वाट बघत थांबत नसतात.