सोल : लौकिकीकरणाचा प्रश्न

सोल संगीत म्हणजे गॉस्पेलचे लौकिकीकरण, हे रूढ विधान अपुरे आहे. १९५४ मध्ये रे चार्ल्स यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘आय गॉट अ वूमन’ हे सदर्न टोन्सच्या एका भक्तिगीतावर बेतलेले होते. येशूच्या जागी स्त्री आली, ताल ऱ्हिदम अँड ब्लूजचा झाला. गायनातील आर्तता मात्र प्रार्थनेचीच राहिली. सोल स्टिरर्समध्ये असतानाच सॅम कुक यांनी ‘लव्हेबल’ हे प्रेमगीत ‘डेल कुक’ या टोपणनावाने काढले. ते त्यांच्याच एका गॉस्पेलचे रूपांतर होते. आवाज लपला नाही. श्रद्धावंतांना खटकला तो केवळ विषयबदल नव्हे. प्रेमगीतातही त्यांना प्रार्थना ऐकू येत होती. आशय बदलला तरी रूपबंध आपली स्मृती टाकत नाही. सोलचे सामर्थ्य या अपूर्ण स्थित्यंतरातच आहे.