रियाज आणि शेजारती

गेल्या हिवाळ्यात सुरतेतील एका लहानशा सभागृहात एका तरुण गायिकेची मैफल ऐकण्याचा योग आम्हांस आला. वय विशीच्या आतबाहेर. रागाची मांडणी नेटकी होती, लयीवरची पकड पक्की होती. परंतु तारसप्तकाकडे जाताना आवाज फाटत होता आणि षड्जावर परतताना त्याला घोगरेपणाची किनार राहत होती. आठ दिवस घसा बसलेला असूनही बाईंनी एक दिवस रियाज चुकविला नाही, असे निवेदकाने मोठ्या अभिमानाने सांगितले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांत आमचीही टाळी होती. रात्री परीक्षण लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, परीक्षण गायिकेचे नव्हे, श्रोत्यांचेच करावयास हवे.

आपल्याकडे रियाजाच्या कथांना पुराणांची प्रतिष्ठा लाभली आहे. चाळीस दिवस कोंडून घेऊन केलेला चिल्ला, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत घोटलेला एकच पलटा, तहानभूक हरपून केलेली खर्जसाधना, या कथा ऐकतच आपण वाढलो. त्या सर्वस्वी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. तथापि वकिलीच्या व्यवसायामुळे ऐकीव साक्षीकडे जरा संशयानेच पाहण्याची सवय आम्हांस जडली आहे. शिवाय या साक्षीत एक ठळक वैगुण्य आहे. जे या कष्टांतून तरले तेवढ्यांचीच जबानी नोंदली गेली. ज्यांचा गळा वाटेतच कायमचा गेला ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी आलेच नाहीत.

जे तरले, त्यांची जबानी तरी आपण नीट वाचली आहे काय? ज्यांच्यापुढे बसून आपल्या गोमंतकाच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी विद्या संपादन केली, त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचेच उदाहरण घ्यावे. तरुणपणी आमलेटा संस्थानात असताना अतिगायनाने त्यांचा आवाज गेला, आणि सुमारे दोन वर्षे तो परतला नाही. परतला तोही पूर्वीचा नव्हे. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीच्या अंगाने चालणारी गायकी त्यांनी नव्याने बांधली, असे जाणकार मानतात. म्हणजे ज्या घराण्याची बुद्धिनिष्ठ शिस्त आपण वाखाणतो, त्याच्या पायातच अतिरेकाने मोडलेला एक गळा आहे.

पुढे त्याच परंपरेत मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्यावर तारुण्यात हाच प्रसंग आला. १९५० नंतरच्या दशकात त्यांचा आवाज गेला आणि सुमारे दोन वर्षे गाणे बंद पडले. आयुर्वेदीय उपचारांनी तो परत आला. त्या मूक काळात मनातल्या मनात गाणे चालूच होते, असे त्या सांगत. पुढे त्यांनी घराण्याच्या चौकटीबाहेर जाऊन रागाच्या भावाचा जो शोध घेतला, त्याचे बीज त्या सक्तीच्या मौनात पडले असावे, असे आम्हांस वाटते. कंठ थांबला म्हणून साधना थांबतेच असे नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

परंतु या विषयातील सर्वांत बोलका दाखला कुमार गंधर्वांचा. १९२४ साली बेळगावनजीक सुळेभावी येथे जन्मलेला हा मुलगा बालवयातच मैफली गाजवू लागला. मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण, सर्वत्र नाव, आणि ऐन तारुण्यात क्षयरोग! १९४८ च्या प्रारंभी ते हवापालटासाठी माळव्यात देवासला आले. गाण्यास वैद्यांची मनाई. पाचसहा वर्षे हा गंधर्व गप्प पडून होता. कान तेवढे उघडे होते. माळव्यातल्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजने त्या कानांवर पडत राहिली, आणि लोकधुनांतून राग कसा उगवतो हा विचार त्यांच्या मनात आकार घेत गेला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले होते. दीर्घ श्वासावर उभारलेल्या लांबलचक तानांच्या जागी आखूड, टोकदार, एकदम झेप घेऊन थांबणाऱ्या स्वरपंक्ती आल्या. दोन स्वरसमूहांमधली स्तब्धता त्यांच्या गाण्यात जेवढी बोलते तेवढी अन्यत्र क्वचित. तिला केवळ दम घेण्याची जागा समजणारा श्रोता त्या गाण्याचा अर्धा भाग गमावतो, असे आमचे मत आहे.

येथे मात्र एक भ्रम टाळावयास हवा. आजारानेच कुमार घडले, असे भाविकपणे म्हणण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. आजाराने ते मेलेच असते. त्यांना वाचविले स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळी नव्यानेच मिळू लागलेल्या औषधाने, विश्रांतीने, आणि शिक्षिकेची नोकरी करून संसार व शुश्रूषा दोन्ही सांभाळणाऱ्या पत्नी भानुमतीबाईंनी. कलावंताच्या प्रकृतीचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावे कधीच नसतो. ते घराचे संयुक्त खाते असते. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची हकीकत आपल्या वाचकांना सांगावयास नको. १९१८ साली उभारलेल्या बलवंत संगीत मंडळीचा डोलारा, चित्रपटाच्या धंद्यात आलेली खोट, कर्ज आणि ढासळती प्रकृती; १९४२ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गेले, आणि घराचा भार बारा वर्षांच्या लताबाईंच्या खांद्यावर आला. त्या तेजस्वी गळ्याची आकांक्षा उणी नव्हती. पण तिची शेवटची हुंडी मुलांना चुकती करावी लागली.

यावर कोणी म्हणेल, मग तरुणांनी कष्टच करू नयेत की काय? असे आम्ही कसे म्हणू? रियाजाला पर्याय नाही, आणि महत्त्वाकांक्षा हा दोषही नव्हे. आम्ही राहतो त्या सुरतेपासून रेल्वेने तासाभरावर भडोच आहे. तेथील दारिद्र्यातून वर येऊन पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ साली युरोपात गाऊन आले. ती आकांक्षा लहान नव्हती. पण त्यांना व्यायामाचीही तेवढीच आवड होती. शरीर हेही एक वाद्यच आहे, हे ते जाणत होते. तंबोऱ्याची तार मर्यादेपलीकडे ताणली तर ती तुटते, हे शिष्याला पहिल्याच दिवशी शिकविले जाते. गळ्याच्या बाबतीत मात्र तोच धडा आपण विसरतो. सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर देत राहिल्यास त्यांवर गाठी धरू शकतात. वेळीच विश्रांती व योग्य उपचार मिळाले तर त्या पुष्कळदा बऱ्याही होतात. घोगरेपणा दोनतीन आठवडे हटला नाही, तर घसा तज्ज्ञाला दाखविणे हे गुरुद्रोहाचे लक्षण नव्हे. तसेच गुरूच्या पट्टीत शिष्येने गायलेच पाहिजे, असा शास्त्राधारही नाही.

आपण देवळांच्या आश्रयाने वाढलेली माणसे. आपल्याकडे गाणे ही आधी सेवा होती आणि मागाहून मैफल झाली. सेवेचे नियम आपल्याला पाठ आहेत. पहाटे काकडआरती होते, दुपारी नैवेद्य होतो, आणि रात्री शेजारती होऊन गाभाऱ्याचे दार लागते. त्या वेळी कितीही मोठा भक्त आला तरी पुजारी देवाला उठवीत नाही. आणि त्यामुळे देवाचे देवपण उणे होते असे कोणी मानीत नाही. ज्या परंपरेने देवालाही निद्रेचा हक्क दिला, तिने वीस वर्षांच्या मुलीच्या गळ्याला तो नाकारावा, ही विसंगती आम्हांस सहन होत नाही.

त्या गायिकेच्या गाण्यात गुण होते, हे पुन्हा नमूद करतो. विलंबितातील तिची बढत ऐकताना पुढच्या दहा वर्षांची आशा वाटली. ती आशा फळावी, तर पुढच्या वेळी तिने घसा बसल्याचे सांगून मैफल पुढे ढकलावी, आणि संयोजकांनी तिचे मानधन व मान दोन्ही राखून दुसरी तारीख द्यावी. तसे झाले, तर त्या रिकाम्या सभागृहाला आमची टाळी आगाऊ मिळाली, असे तिने समजावे.