'प्रहरी' ग्रंथी : एका संज्ञेची चिकित्सा

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीशी थांबते. शब्दामागचे रूपक वस्तुस्थितीला कितपत धरून आहे, हे क्वचितच पाहिले जाते. 'सेंटिनल लिम्फ नोड' या संज्ञेला 'प्रहरी लसीकाग्रंथी' हा पर्याय सहज सुचतो आणि कोशात तो शोभेलही. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी तो योजावयाचा झाल्यास, हा प्रहरी राखतो तरी काय, असा प्रश्न उभा राहतो.

मूळ कल्पना अशी : अर्बुदापासून निघालेली लसीका ज्या ग्रंथीत प्रथम उतरते ती निर्दोष असेल, तर पुढच्याही निर्दोष असाव्यात. मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमात निळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने ही ग्रंथी शोधण्याची रीत मांडली. पुढे स्तनाच्या कर्करोगातही ती रूढ झाली. अनेक स्त्रियांच्या काखेतील सर्व ग्रंथी काढण्याचे व त्यापायी हात सुजण्याचे संकट टळले. येथे रूपक सार्थ आहे. पहारेकऱ्याच्या शब्दावर विसंबून वेशीवरूनच परतता येते.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत परतण्याचा प्रश्नच येत नाही. रोगट भागाबरोबर शस्त्रवैद्य आंत्रबंध आणि त्यातील ग्रंथी काढतोच. निदान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. मग एक-दोन वेगळ्या निवडावयाच्या त्या, पुष्कळ पातळ छेद घेऊन नेहमीच्या तपासणीत निसटणारे सूक्ष्म पेशीपुंज हुडकण्यासाठी. म्हणजे हा पहारेकरी नव्हे. उलटतपासणीसाठी बोलावलेला साक्षीदार होय. तोही फारसा भरवशाचा नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात, ज्यांच्या ग्रंथींत रोग पोहोचला होता अशांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत ही निवडलेली ग्रंथी निर्दोष दिसली. रोगाने वाट तुंबली की रंग भलत्याच ग्रंथीकडे वळतो, हे त्याचे एक कारण सांगतात.

मराठीत याहून एक पेच आहे. बोलीत अर्बुद ही 'गाठ' आणि लसीकाग्रंथी हीही 'गाठ'च. 'पहारेकरी गाठ स्वच्छ आहे' असे ऐकणारा नातलग निर्धास्त होऊन घरी जाईल, आणि त्या निर्धास्तपणाला आधार मात्र नसेल.

म्हणून आतड्यापुरती 'आद्य लसीकाग्रंथी' ही संज्ञा मला अधिक प्रामाणिक वाटते. ती केवळ क्रम सांगते, हमी देत नाही. एका इंग्रजी संज्ञेला दोन मराठी पर्याय कशाला, असा आक्षेप परिभाषाकार घेतील. पण इंग्रजी संज्ञाच दोन ठिकाणी दोन कामे करीत असता मराठीने ते झाकून का ठेवावे?