पुसलेला चेहरा: पिकासो, अँग्र आणि गर्ट्रूड स्टाइन

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, “सर, दुसऱ्या चित्रकाराचं काम डोळ्यासमोर ठेवून पोर्ट्रेट केलं, तर ती नक्कलच नाही का?” वेळ संपत आली होती, मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. आज नीट उत्तर देतो.

पडद्यावर दोन चित्रं आहेत. डावीकडे अँग्रचं ‘मस्यू बेर्तँ’, १८३२ सालचं. उजवीकडे पिकासोनं १९०५-०६ मध्ये रंगवलेली गर्ट्रूड स्टाइन. समीक्षक ही दोन चित्रं नेहमी शेजारी ठेवतात, आणि का ते बघितल्याबरोबर कळतं. भरभक्कम शरीर, गडद कपडे, थोडं पुढे झुकलेलं धड आणि मांड्यांवर टेकलेले हात. बेर्तँ वृत्तपत्राचे मालक. कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे, हे ती बैठकच सांगते. ‘बैठक’ हा आपला शब्द इथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

गंमत म्हणजे अँग्रलाही ही बैठक सहजासहजी सापडली नव्हती. आधी त्यानं बेर्तँला उभं करून रेखाटनं केली. जमेना. अगदी रडकुंडीला आला होता म्हणतात. मग एकदा गप्पांच्या ओघात बेर्तँ गुडघ्यांवर हात रोवून बसलेले दिसले, आणि चित्र मिळालं.

आता पिकासो. वय अवघं चोवीस. माँमार्त्रमधला तो पडका स्टुडिओ, आणि समोर रोज येऊन बसणारी गर्ट्रूड. तिच्याच सांगण्यानुसार ऐंशी-नव्वद वेळा ती बसली. आकडा थोडा फुगवलेला असेल, गर्ट्रूडबाईंना ती खोड होती. पण निम्म्या धरल्या तरी खूप झाल्या. आणि एवढं करून १९०६ च्या वसंतात पिकासोनं काय केलं? चेहरा पुसून टाकला. तिच्याकडे बघताना ती आता दिसतच नाही, अशी त्याची तक्रार होती. मग तो स्पेनमध्ये, पिरेनीजमधल्या गोसोल गावी गेला. उन्हाळा संपत आल्यावर परत आला आणि ती समोर नसताना नवा चेहरा रंगवून मोकळा झाला.

तुमच्यापैकी जे तैलरंगात काम करतात त्यांना यातली उलटापालट लगेच जाणवेल. आपण टप्पे कसे शिकतो? आधी रेखाटन, मग पातळ रंगात छायाप्रकाश, मग अंगाचा रंग, शेवटी बारकावे. मॉडेलचा सगळा वेळ चेहऱ्यासाठी राखून ठेवायचा. कपडे काय, नंतरही होतात. इथे कपडे, हात, खुर्ची सगळं मॉडेल बघून झालं, आणि चेहरा तेवढा आठवणीतून!

पुस्तकांत याचं ठरलेलं स्पष्टीकरण मिळतं. त्या सुमारास लूव्रमध्ये प्राचीन इबेरियन शिल्पं मांडली होती, पिकासोनं ती पाहिली, त्यातून हा मुखवट्यासारखा चेहरा आला, आणि पुढच्याच वर्षी ‘आव्हिन्योंच्या तरुणी’. खरं आहे. पण असं म्हटलं की हे चित्र म्हणजे पुढची गाडी पकडायचं नुसतं जंक्शन होऊन बसतं. माझी हरकत त्याला आहे.

एक करा. हात पुढे धरून पडद्यावरचा तिचा चेहरा झाका. उरलं ते अँग्रच्या घरातलं चित्र आहे, रंग तपकिरी आणि कुंचला मोकळा असला तरी. आता उलट करा, धड झाका. हा चेहरा भलत्याच काळातला. डोळे एकमेकांशी जुळत नाहीत, पापण्या कोरल्यासारख्या. गळ्यापाशी त्या पांढऱ्या कॉलरवर दोन चित्रं एकमेकांना भेटतात, आणि खरं सांगतो, मला तो सांधा अजूनही खटकतो. पिकासोला तो झाकता आला असता. धडावर दोन दिवस काम करून सगळं एका हाताचं दाखवणं त्याला अवघड नव्हतं. त्यानं ते केलं नाही. महिन्यांचं जुनं काम आणि नवा चेहरा शेजारी शेजारी तसेच ठेवले.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझं उत्तर असं: अँग्रकडून पिकासोनं वजन घेतलं, माणूस खुर्चीत कसा रुततो ते घेतलं. पण समोर बसलेली बाई बेर्तँ नव्हती. एका अमेरिकन लेखिकेचा हट्टी, जड चेहरा त्या जुन्या साच्यात बसेना, तेव्हा त्यानं साचा मोडला नाही आणि चेहराही कोंबला नाही. पुसला, आणि थांबला. नक्कल करणारा माणूस थांबत नाही हो. त्याच्यासमोर उत्तर आधीच टांगलेलं असतं.

हुबेहूबपणाचं विचाराल, तर लोक तेव्हाही म्हणाले की ही तिच्यासारखी दिसत नाही. ती दिसायला लागेल, असं पिकासोनं सांगितल्याची आख्यायिका आहे. गर्ट्रूडला मात्र शंका नव्हती. तिनं चित्र जन्मभर जवळ ठेवलं, आणि १९४६ मध्ये ती गेली तेव्हा मृत्युपत्रानुसार ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेलं. तिकडे कुणी जाणार असाल तर गळ्यापाशी जरा जवळ जाऊन बघा, आणि तो सांधा तुम्हाला कसा वाटतो ते मला कळवा.